निस्तेज झालेल्या फायबर होडीची चकाकी परत कशी आणायची? – घासण्यामागचं विज्ञान



मे महिना सरत आला की कोकण किनाऱ्यावरच्या गावांत एक काम हमखास दिसतं. होड्या वाळूवर ओढून घेतलेल्या असतात. कुणी तळ खरवडतंय, कुणी धुतंय, कुणी भेगा बुजवतंय. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्यामुळे पाऊस लागायच्या आत होडी नीट करून शाकारून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा दर्यात लोटायची, हे किनाऱ्याचं ठरलेलं वेळापत्रक. शाळेला सुट्टी असते, म्हणून मोठ्यांच्या हाताखाली मुलंही असतात.

अशा वेळी मुलांच्या मनात एक प्रश्न येतो: "नवीन होती तेव्हा होडी निळीशार होती. रंग तर कुणी काढला नाही, मग आता पांढुरकी का दिसते? आणि नुसती घासली की पुन्हा चमकते कशी?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात आठवीचं प्रकाशाचं परावर्तन आहे, ऑक्सिडीकरण आहे आणि मायक्रोमीटरचं गणितही आहे. शिवाय हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. चुकीच्या पद्धतीने घासलेली होडी चार दिवस चमकते आणि मग हळूहळू पाणी प्यायला लागते. ज्यांचं घर त्या होडीवर चालतं त्यांच्यासाठी ही गंभीर गोष्ट आहे. म्हणून आज हा विषय मुळापासून समजून घेऊ. (लाकडी होडीची निगा वेगळी असते, इथे आपण फक्त फायबरच्या होडीबद्दल बोलतोय.)

१) आधी होडीची ‘कातडी’ ओळखू या

घर बांधताना आपण आधी भिंत उभारतो आणि शेवटी रंग देतो. फायबरची होडी बरोबर उलट्या क्रमाने तयार होते. आधी होडीच्या आकाराचा एक साचा घेतात. होडी साच्याला चिकटू नये म्हणून साच्याला आतून मेण लावतात. त्यावर पहिला थर देतात तो रंग मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा. याला जेलकोट म्हणतात. तो जरा घट्ट झाला की त्यावर काचतंतूंची चटई आणि रेझिन असे थरावर थर बसवत जातात. सगळं वाळलं की होडी साच्यातून बाहेर काढतात. साच्यात सगळ्यात आधी गेलेला थर आता सगळ्यात बाहेर असतो.

म्हणजे आपल्याला दिसणारी ती निळाई वरून मारलेला रंग नाही, तो जेलकोट आहे. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, जाडसर लग्नपत्रिकेच्या कागदाएवढी. एवढासा हा थर दोन कामं करतो: होडीला रंग आणि चकाकी देतो, आणि आतल्या काचतंतूंपर्यंत पाणी पोचू देत नाही. दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. पुढचं सगळं वाचताना हा अर्धा मिलिमीटर लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते.

२) चकाकी जाते म्हणजे नेमकं काय होतं?

सूर्यप्रकाशात अतिनील किरण असतात. पॉलिएस्टर म्हणजे रेणूंच्या लांब, एकमेकांत गुंतलेल्या साखळ्या. अतिनील किरण या साखळ्या तोडतात आणि हवेतला ऑक्सिजन त्या तुटक्या टोकांशी संयोग पावतो. हेच ऑक्सिडीकरण. वर्षानुवर्षं हे चाललं की अगदी वरचा पातळ पापुद्रा ठिसूळ होतो आणि त्याची भुकटी व्हायला लागते. खारं पाणी, वाळूचे कण आणि दोरांचं घासणं यांची त्यात भर पडते. पृष्ठभागावर बारीक खाचाच खाचा तयार होतात.

आता परावर्तन आठवा. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर समांतर आलेले किरण परावर्तनानंतरही समांतरच जातात. हे नियमित परावर्तन. यालाच आपण चकाकी म्हणतो. पृष्ठभाग खडबडीत असेल तर तेच किरण चारी दिशांना विखुरतात. हे अनियमित परावर्तन. दोन्हीकडे परावर्तनाचे नियम तेच, फरक फक्त पृष्ठभागाचा.

होडी पांढुरकी दिसण्याचं कारणही यातच आहे. सूर्यप्रकाश पांढरा असतो. खडबडीत पृष्ठभागावरून तो सगळीकडे विखुरला की जेलकोटच्या निळ्या रंगात हा पांढरा उजेड मिसळतो आणि निळा रंग दुधात कालवल्यासारखा फिका दिसतो. गडद निळ्या आणि लाल होड्यांवर हे पटकन जाणवतं, पांढऱ्या होडीवर कमी. बऱ्याचदा खालचा रंग तसाच शाबूत असतो, वर फक्त भुकटीचा पडदा आलेला असतो.

३) घासण्याआधी दोन परीक्षा

*तळहाताची परीक्षा:* होडी कोरडी असताना तळहात दाबून फिरवा. हाताला खडूसारखी भुकटी लागली, तर वरचा थर ऑक्सिडाइझ झालाय असं समजा.

*पाण्याची परीक्षा:* तळहाताएवढ्या जागेवर पाणी शिंपडा आणि बघा. ओली जागा एकदम गडद, चमकदार दिसली आणि वाळल्यावर पुन्हा फिकी झाली, तर ही चांगली खूण आहे. पाण्याने बारीक खाचा तात्पुरत्या भरल्या, पृष्ठभाग सपाट झाला आणि खालचा रंग दिसला. म्हणजे रंग जागेवर आहे आणि घासून चकाकी परत यायची शक्यता चांगली आहे. ओली करूनही जागा फिकीच राहिली, काचतंतूंची जाळी दिसत असेल, भेगा किंवा फोड असतील, तर घासण्याचा उपयोग नाही. तिथे आधी दुरुस्ती आणि मग नवा जेलकोट किंवा रंग द्यावा लागतो. ते जाणत्या कारागिराचं काम.

वर्गात हीच गोष्ट पाटीवर दाखवता येते. वापरलेली दगडी पाटी कोरडी असताना राखाडी दिसते. ओल्या फडक्याने पुसली की काळीभोर, आणि वाळली की पुन्हा राखाडी.

पाण्याची परीक्षा समजली की एका प्रचलित ‘शॉर्टकट’चं गुपितही कळतं. काही जण होडीवर तेलाचा बोळा फिरवतात आणि होडी लगेच चमकते. तेल इथे पाण्याचंच काम करतं, खाचा भरतं. फक्त ते वाळत नाही, म्हणून चमक थोडे दिवस टिकते. पण त्यावर धूळ आणि वाळू चिकटते, हात घसरतो आणि पुढे नीट पॉलिश करायचं ठरवलं तर आधी ते तेल काढत बसावं लागतं.

४) घासल्यावर होतं तरी काय?

इथे मुलांचा (आणि आपलाही) एक गैरसमज असतो. आपल्याला वाटतं, पॉलिश म्हणजे चमक आणणारा काहीतरी पदार्थ, तो लावला की चमक चढते. प्रत्यक्षात रबिंग कंपाउंडमध्ये अतिशय बारीक, कठीण कण असतात. ते भुकटी झालेला पापुद्रा काढून टाकतात आणि मोठ्या खाचांच्या जागी लहान ओरखडे ठेवतात. त्यानंतरचं पॉलिश आणखी बारीक कणांचं, ते आणखी लहान ओरखडे ठेवतं. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते. ओरखडे त्याहून बरेच लहान झाले की प्रकाशाच्या दृष्टीने पृष्ठभाग सपाटच. ओरखडे असतातच, पण चकाकीच्या आड येत नाहीत.

वॉटर पेपरवरचे आकडे याच क्रमाचे असतात. आकडा जितका मोठा, तितके कण लहान. ६०० नंबरच्या कागदावरचे कण सुमारे २६ मायक्रोमीटरचे, १००० नंबरचे सुमारे १८, तर २००० नंबरचे सुमारे १० मायक्रोमीटरचे असतात.

५) कृती: सौम्यापासून सुरुवात

एकच नियम पाठ करायचा: आधी सगळ्यात सौम्य उपाय, तो पुरला नाही तरच पुढचा. औषधाच्या मात्रेसारखंच आहे हे.

- धुणं: भरपूर गोड्या पाण्याने होडी धुवा. मीठ आणि वाळू अंगावर असताना कोरडं फडकं कधीही घासू नका, तेच फडकं काचकागद होतं. मग सौम्य साबणाचं पाणी, पुन्हा गोडं पाणी, आणि होडी पूर्ण वाळू द्या.
- जागा आणि वेळ: सावली किंवा सकाळची वेळ निवडा. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या होडीवर कंपाउंड लगेच सुकतं आणि डाग पडतात.
- नमुना: दिसणार नाही अशा जागी वहीच्या पानाएवढा चौकोन घ्या. आधी नुसतं बारीक पॉलिश लावून बघा. चमक आली तर सगळ्या होडीला तेवढंच पुरे.
- रबिंग कंपाउंड: पॉलिश पुरलं नाही तर त्याच चौकोनावर कंपाउंड वापरा. ओलसर फडक्यावर थोडंसं घेऊन आधी आडवं, मग उभं घासा. मग पुसून बघा.
- वॉटर पेपर: कंपाउंडही पुरलं नाही तरच. १००० नंबरपासून सुरुवात करा, नंतर १५००, मग २०००. कागद रबरी ठोकळ्यावर गुंडाळा, पाणी सतत सोडत राहा. नंबर बदलताना होडी आणि हात दोन्ही धुवा. मागच्या कागदाचा एक जाड कण राहिला तरी तो नवा ओरखडा काढतो. त्यानंतर कंपाउंड आणि शेवटी पॉलिश.
- कडा सांभाळा: कोपरे, कडा आणि नाळेची धार इथे घासण्याचा जोर एका रेषेवर येतो आणि जेलकोट पटकन संपतो. तिथे चिकटपट्टी लावून ठेवा आणि शेवटी हलक्या हाताने ती जागा करा.
- मशीन वापरायचं असेल तर: वेग कमी करता येणारं पॉलिशिंग मशीनच घ्या आणि ते एका जागी थांबवू नका. गावात सहज मिळतो तो चार इंची ग्राइंडर. तो मिनिटाला साधारण ११,००० फेरे फिरतो. त्याला बफ लावून होडीवर धरला की घर्षणाने जागा तापते आणि काही क्षणांत जेलकोट जळतो.

एक पट्टा पूर्ण झाला की लगेच दुसरा घ्या, पण घाई नको. होडीची एक बाजू एका दिवसात झाली तरी खूप.

६) किती घासायचं? इथे गणित कामाला येतं

जेलकोट अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रोमीटर. मुलांना एक गृहीतक द्या: वॉटर पेपरने एकदा घासलं की २० मायक्रोमीटर थर जातो असं समजू. मग किती वेळा घासता येईल?

५०० ÷ २० = २५.

मुलं लगेच म्हणतील, "२५ वर्षं चिंता नाही!" आता पुढचे प्रश्न विचारा. थर सगळीकडे सारखा जाड असेल का? कडेवर किती असेल? होडीला वाळूवर ओढताना, जेटीला घासताना जो थर जातो तो मोजला का? शेवटच्या मायक्रोमीटरपर्यंत थांबायचं का, की पाणी रोखायला निम्मा तरी राखून ठेवायचा? निम्मा राखायचा तर उत्तर साडेबारावर येतं. कडेवर थर निम्माच असेल तर आणखी निम्मं. भागाकार तोच, पण उत्तर किती बदललं!

हा आपल्या पाठाचा गाभा. घासून मिळणारी चकाकी ही शिल्लक थरातून खर्च करून मिळते. बँकेतली ठेव मोडून सण साजरा करण्यासारखं आहे. एखाद्या वर्षी करावं लागतं, पण दरवर्षी केलं तर ठेव संपते. जेलकोट संपला की काचतंतू उघडे पडतात, त्यांच्या कडेकडेने पाणी आत शिरतं, होडी जड होते आणि थर सुटायला लागतात. मग खर्च पॉलिशच्या डब्याचा राहत नाही, होडीच्या दुरुस्तीचा होतो.

७) मेण: खर्च वाचवणारी पायरी

म्हणूनच शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच ‘आता चमकतेय ना, पुरे’ म्हणून सोडून दिली जाते. ताज्या घासलेल्या पृष्ठभागावर मेणाचा पातळ हात द्यायचा. तो धुरकट दिसायला लागला की स्वच्छ मऊ फडक्याने पुसून काढायचा. जमलं तर दुसरा हात द्यायचा. मेण ऊन, मीठ आणि जेलकोट यांच्यामध्ये उभं राहतं. झीज आधी मेणाची होते. मेण पुन्हा लावता येतं, जेलकोट तितक्या सहज लावता येत नाही.

मात्र भुकटी न काढता वरून मेण लावू नका. मेण भुकटीलाच धरून बसतं आणि भुकटीबरोबर निघून जातं.

चांगल्या पॉलिशमध्ये बऱ्याचदा कार्नोबा मेण असतं. ते ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवर मिळतं. तिथल्या रखरखीत उन्हात पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडाने स्वतःसाठी केलेली ही सोय. आपल्याकडचं उदाहरण घरामागेच आहे: अळूचं पान. अळवावरचं पाणी हा वाक्प्रचार मुलांना माहीत असतोच. पानावरच्या मेणकट, सूक्ष्म उंचवट्यांच्या थरामुळे पाणी पसरत नाही, त्याचा मोती होतो.

मेण पुन्हा कधी लावायचं हेही यावरून कळतं. होडीवर पाणी शिंपडा. थेंब गोल राहून ओघळले तर मेण अजून आहे. पाणी चादरीसारखं पसरलं तर मेण संपलं. कॅलेंडर बघायची गरज नाही. शाकारण्यापूर्वी एकदा आणि दर्यात लोटण्यापूर्वी एकदा ही परीक्षा केली, तर पुढची कित्येक वर्षं वॉटर पेपरला हात लावावा लागणार नाही.

८) पालकांसाठी सुरक्षिततेच्या गोष्टी

- जिथे पाय ठेवून उभं राहतात तिथे मेण किंवा पॉलिश अजिबात लावू नका. ओल्या होडीत जाळं ओढताना पाय घसरला तर जिवावर बेततं. तिथला खडबडीतपणा मुद्दाम ठेवलेला असतो.
- सतत पाण्याखाली राहणाऱ्या तळाला मेणाचा उपयोग नाही. तिथे बार्नकल आणि शेवाळ धरू नये म्हणून वेगळा रंग देतात. मेणावर तो रंग धरत नाही.
- जेलकोटची आणि काचतंतूंची धूळ फुप्फुसाला वाईट. कोरडं घासू नका, ओलंच घासा. नाकाला मास्क, डोळ्यांना चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. मुलांना या कामापासून लांब ठेवा.
- डाग काढायला संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका. ते धातूचे भाग खातं. ते ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.
- घासलेलं पाणी आणि चिखल खाडीत सोडू नका. ते बारीक प्लास्टिकच आहे. खाली ताडपत्री अंथरा आणि गाळ गोळा करा.
- मशीन मुलांच्या हातात देऊ नका. मेण पुसणं आणि थेंबाची परीक्षा घेणं ही कामं मात्र मुलांना जरूर द्या.

९) वर्गात करून पाहण्यासारखं

होडी नसलेल्या गावातही हा पाठ घेता येतो.

प्रयोग १: ॲल्युमिनियम फॉइलचा सपाट तुकडा घ्या. वर्गात अंधार करून त्यावर टॉर्च मारा. भिंतीवर उजेडाचा ठिपका दिसेल. आता फॉइल चुरगाळून पुन्हा हाताने सपाट करा आणि टॉर्च मारा. ठिपका विस्कटेल. विचारा: धातू बदलला का? मग काय बदललं?

प्रयोग २: जुन्या, टाकाऊ सीडीच्या चमकत्या बाजूचा छोटा भाग २००० नंबरच्या वॉटर पेपरने ओला करून हलके घासा. तो धुरकट होईल. त्यावर पाण्याचा थेंब टाकून काय दिसतं ते नोंदवा. मग पांढरी टूथपेस्ट कापसावर घेऊन पाच-दहा मिनिटं चोळा आणि धुवा. टूथपेस्टमध्येही बारीक घासणारे कण असतात. चमक कितपत परत येते ते मुलांनी स्वतः बघावं.

प्रयोग ३: अळूचं पान, केळीचं पान आणि साधा कागद यांवर एकेक थेंब टाका. थेंबाचा आकार वहीत काढायला सांगा. मग कागदावर मेणबत्ती घासून पुन्हा थेंब टाका.

शेवटी वर्गात चर्चेला एक प्रश्न द्या: "तुमच्याकडे एकच दिवस आहे. होडी आणखी चमकवण्यात घालवाल, की आहे ती चमक राखण्यात?" उत्तराबरोबर कारणही मागा. कारण सांगताना ‘थर’, ‘झीज’ आणि ‘शिल्लक’ हे शब्द मुलांच्या तोंडून आपोआप आले, तर पाठ पोचला असं समजायला हरकत नाही.

किनाऱ्यावरच्या शिक्षकांना एक विनंती. या पाठाला एखाद्या पालक मच्छीमाराला किंवा होडी दुरुस्त करणाऱ्या कारागिराला वर्गात बोलवा. बोट फिरवून थर किती उरलाय ते सांगणारी माणसं आपल्या गावात असतात. मुलांनी पुस्तकातलं परावर्तन आणि त्या हातांचा अनुभव एकाच तासाला शेजारी शेजारी बसलेला पाहिला, तर दोन्हींबद्दल त्यांचा आदर वाढेल.